लखलखाटामागचा कंडेन्सर

लेथच्या डोक्यावर एकटी ट्यूबलाइट लावायची नाही, हा वर्कशॉपमधला जुना नियम. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवताना हा नियम मी पोरांना पहिल्याच वर्षी सांगायचो, आणि नुसतं सांगून भागत नाही म्हणून दाखवायचोही. चोक-स्टार्टरची साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, कारण आपला सप्लाय ५० सायकलचा आणि प्रत्येक सायकलमध्ये करंट दोनदा शून्यावर येतो. चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दोन उजेडांच्या मध्ये तो बरोबर पाव फेरी पुढे जातो. एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा येतो आणि डोळ्याला चक थांबलेला दिसतो. थांबलाय समजून कुणी हात घातला, तर बोटं जातात. म्हणून मशीनवर दोन ट्यूब लावायच्या, एक नुसत्या चोकवर आणि दुसरीच्या चोकला सिरीजमध्ये कंडेन्सर, म्हणजे एक मंदावते तेव्हा दुसरी उजळलेली असते. मोठ्या शेडमध्ये ट्यूब तीन फेजांवर वाटून घ्यायच्या. आणि चकपाशी तारेचा एक पिवळा बल्ब हवाच.

हाच दृष्टिभ्रम मुद्दाम, आपल्याला हव्या त्या वेगाने घडवला की त्याला स्ट्रोब म्हणतात. गणपती-नवरात्र जवळ आलं की पोरं घरी बनवलेले स्ट्रोब घेऊन माझ्याकडे यायची. सगळ्यांचं लक्ष उजेडाकडे असायचं. त्या उजेडामागे जी वस्तू असते, थेंबाथेंबाने करंट साठवून एका क्षणात रिकामी होणारी, तिच्याकडे कुणी बघायचं नाही. स्ट्रोबचा खरा इतिहास त्या वस्तूचा आहे, आणि धोकाही तिच्यातच आहे. म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात मात्र विजेशिवाय झाली. १८३२ साली बेल्जियममध्ये जोसेफ प्लातो आणि व्हिएन्नात सायमन स्टाम्फर या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, खाचा पाडलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या केल्या. चकतीवर ओळीने थोडी थोडी वेगळी चित्रं काढायची, चकती आरशासमोर फिरवायची आणि खाचांमधून बघायचं. चित्र हलू लागतं. स्टाम्फरने आपल्या चकत्यांना स्ट्रोबोस्कोप म्हटलं. सिनेमाचा एक पूर्वज म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच खाचांमधून खरोखर फिरणारं चाक पाहिलं तर ते थांबलेलं दिसतं, आणि कारागिराच्या दृष्टीने हा उपयोग जास्त मोलाचा. यात कुणाला शॉक बसण्याचा प्रश्नच नव्हता. अडचण एकच, खाच बारीक ठेवली तर उजेड पुरत नाही आणि रुंद ठेवली तर चित्र फराटतं. उजेडच क्षणभराचा आणि प्रखर करता आला पाहिजे होता.

त्याची सोय जवळपास शंभर वर्षं आधीच होऊन बसली होती. १७४५-४६ मध्ये पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन गावी मुशेनब्रुक यांना पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत वीज साठवता येते असा शोध लागला. शोध लागला म्हणजे झटका बसला. मुशेनब्रुकने पॅरिसला पत्र लिहून कळवलं की फ्रान्सचं राज्य दिलं तरी तो पुन्हा हा प्रयोग करणार नाही. लायडन जार म्हणतात ती ही बाटली, म्हणजे जगातला पहिला कंडेन्सर. १७४६ मध्येच आबे नोले याने फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि जारचा झटका दिला. सगळे एकदम उडाले, दरबार खूश झाला. मला ही हकीगत मौजेची कधी वाटली नाही. साठवलेला करंट माणसाच्या अंगातून काय करत जातो हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि पहिल्या दिवसापासून त्याचा खेळ केला गेला.

उजेडासाठी त्याचा नेमका उपयोग केला तो विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने. जून १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने ‘टाइम्स’ वर्तमानपत्राचा एक कागद चाकावर चिकटवला, चाक जोरात फिरवलं, खोली अंधारी केली आणि लायडन जारांच्या बॅटरीतून एक ठिणगी पाडली. फोटोत छापील मजकूर उमटला. त्या काळी कॅमेऱ्यासमोर माणसाला मिनिट-मिनिट न हलता बसावं लागे, हे लक्षात घेतलं म्हणजे या एका ठिणगीची किंमत कळते. पुढे १८८० च्या दशकात अर्न्स्ट माख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच ठिणग्यांच्या उजेडात बंदुकीच्या गोळीचे आणि तिच्यापुढे चालणाऱ्या हवेच्या लाटेचे फोटो घेतले. पण हे सगळे एकेका ठिणगीचे प्रयोग. ओळीने, मोजून, पाहिजे तितक्या वेळा ठिणगी पाडता येत नव्हती.

ती पाडून दाखवली नेब्रास्काच्या एका मुलाने. हॅरॉल्ड एजर्टन, जन्म १९०३. गावच्या वीज कंपनीत हाताने काम केलेला, मग इंजिनिअर झालेला, आणि १९२६ मध्ये बोस्टनजवळच्या एमआयटीत आलेला. विषय अगदी आमच्या ट्रेडमधला: सिंक्रोनस मोटरवर अचानक लोड आला की तिचा रोटर मागे-पुढे कसा झोके खातो. फिरता रोटर डोळ्यांनी बघणार कसा? मोटरला सप्लाय देणारे पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर शेजारीच होते आणि ते लुकलुकत होते. त्या उजेडात मोटरचे पोल थांबलेले दिसतात, हे एजर्टनच्या ध्यानात आलं. आमच्या लेथवर जो उजेड घातकी ठरतो, त्यालाच या माणसाने अवजार केलं. पाऱ्याच्या वाफेची नळी, तिच्यामागे कंडेन्सर, आणि सप्लायच्या तालावर तो रिकामा करणारी जोडणी, हा त्याचा स्ट्रोबोस्कोप. १९३१ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. केनेथ गर्मसहाउझन आणि हर्बर्ट ग्रायर हे दोन जोडीदार मिळाले आणि तिघांनी मिळून कारखान्याकारखान्यांतली फिरती यंत्रं ‘थांबवून’ दाखवली. ‘स्ट्रोबोटॅक’ नावाने ते उपकरण जनरल रेडिओ कंपनीने बाजारात आणलं.

एजर्टनचे फोटो जगाला माहीत आहेत. दुधाचा थेंब पडून उठलेला मुकुट, सफरचंदातून आरपार जाणारी गोळी. मला त्याची जोडणी जास्त सुंदर वाटते. ती समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यानंतरची जवळपास प्रत्येक झेनॉन फ्लॅशगन आणि प्रत्येक घरगुती स्ट्रोब तिचीच पिलावळ आहे. बारीक धारेखाली हंडा भरत ठेवावा आणि भरला की एकदम पालथा करावा, तसं हे काम. सप्लायमधून रेझिस्टन्समार्गे थोडा थोडा करंट येत राहतो आणि कंडेन्सर तीनशे व्होल्टच्या पुढे भरतो. त्याच्या दोन टोकांना झेनॉन वायूची नळी थेट जोडलेली असते, पण तीनशे व्होल्टने ती आपणहून पेटत नाही. नळीबाहेर एक बारीक तार गुंडाळलेली असते. एका छोट्या ट्रिगर कॉइलमधून तिला चार-सहा हजार व्होल्टचा निमिषभराचा टोला दिला की आतला वायू एकदम वाहक होतो आणि कंडेन्सर सगळा नळीतून ओततो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पांढरा शुभ्र लखलखाट होतो. मग नळी विझते, कंडेन्सर पुन्हा भरू लागतो.

दुसऱ्या महायुद्धात एजर्टनने हीच जोडणी अवाढव्य करून विमानात बसवली आणि रात्रीच्या अंधारात जमिनीचे फोटो घेतले. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईआधी ते कामी आले. युद्धानंतर फ्लॅशगन फोटोग्राफरच्या हातात आली, आणि १९६० च्या दशकात अमेरिकेत स्ट्रोब नाचाच्या मंचावर चढला. नाचणारा माणूस तुकड्यातुकड्यांनी हलताना दिसू लागला आणि लोकांना त्याचं वेड लागलं.

पण उजेडाचा मेंदूवर होणारा परिणाम त्याच्याही आधी समजला होता. १९४६ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे ग्रे वॉल्टर आणि त्याचे सहकारी मेंदूच्या विद्युतलहरी मोजताना माणसाच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉनिक स्ट्रोब लुकलुकवत होते. ठरावीक वेगाला मेंदूच्या लहरी त्या तालात येत, आणि काहींच्या बाबतीत फिट येण्याची लक्षणं उमटत. आजही ईईजी काढताना पेशंटसमोर लुकलुकता दिवा धरतात तो यासाठीच. धोक्याचा पट्टा साधारण सेकंदाला ३ ते ३० लखलखाटांचा, त्यात १५ ते २५ सगळ्यात वाईट. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टीव्हीवर पोकेमॉनचा एक भाग लागला, त्यात लाल-निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा पालटत होता. त्या संध्याकाळी सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. अपस्मार असणाऱ्यांत शंभरातल्या तिघांनाच असा उजेड सोसत नाही, हे खरं. पण त्यात मुलं आणि तरुण जास्त असतात, आणि पहिली फिट येईपर्यंत अनेकांना ते माहीतच नसतं. मंडपासमोर नाचणारी गर्दी नेमकी त्याच वयाची असते.

आपल्याकडे स्ट्रोब मंडपाच्या आधी कामावर आला. फियाटच्या मेकॅनिककडे टायमिंग लाइट असायचा. त्याचा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावायचा. प्लग उडाला की दिवा लखलखायचा आणि फिरत्या पुलीवरची खूण स्थिर दिसायची. ती खूण बघत डिस्ट्रिब्यूटर हळूच फिरवला की टायमिंग बसलं. सूतगिरणीत स्पिंडलचा वेग स्ट्रोबने तपासतात, पॅकिंग छापणाऱ्या रोटरी मशीनवर रंगावर रंग बसतोय का ते धावत्या कागदावरच स्ट्रोबखाली बघतात. चांगल्या रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीलाही कडेने रेघा असत. ५० सायकलवर, ३३⅓ च्या वेगाला, १८० रेघा. बाजूचा निऑनचा बारका दिवा लागला आणि रेघा जागच्या जागी दिसल्या की वेग बरोबर.

मंडपातला स्ट्रोब आला तो छांदिष्टांच्या हातून. १९६९ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिक निघू लागलं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत सुटे पार्ट मिळायचे, आणि झेरॉक्स काढलेले सर्किट कागद हातोहात फिरायचे. ऑर्केस्ट्रा, दांडिया, देखावे, सगळीकडे पोरांनी स्वतः बनवलेले स्ट्रोब लागले. मला त्या पोरांचा अभिमान आहे. पण त्या कागदांवर सर्किट असायचं, धोका लिहिलेला नसायचा.

एका वर्षी एक विद्यार्थी मंडळाचा स्ट्रोब दाखवायला घेऊन आला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसवलेलं, पुढे चंदेरी कागद, मधे नळी. म्हणाला, “सर, एकदम भारी चालतंय. फक्त डबा थोडा चिमटे काढतो.”

मी म्हटलं, “आधी प्लग काढ. आणि आता डब्याला हात लावू नकोस.”

झाकण उघडलं. ट्रान्सफॉर्मर नाही. घरचा सप्लाय थेट दोन डायोड आणि दोन कंडेन्सरवर, व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी. २३० व्होल्ट हा सप्लायचा आरएमएस, म्हणजे परिणामी, आकडा, त्याचं शिखर ३२५ ला जातं, आणि दुप्पट केल्यावर नळीवर ६५० येतात. प्लग काढल्यावर कंडेन्सर आपोआप रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टन्स नाही. आणि न्यूट्रलची वायर डब्याच्या पत्र्याला डाग देऊन जोडलेली. “अर्थिंग दिलंय सर,” तो म्हणाला. प्लग मात्र टू-पिन. टू-पिन प्लग उलटा बसला की न्यूट्रलच्या जागी फेज, म्हणजे अख्खा डबा जिवंत. पावसात, ओल्या मांडवात, लोखंडी पाइपाला बांधलेला जिवंत डबा. मी दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प घेतला, एक हात पाठीमागे ठेवला आणि टेस्ट लॅम्पची टोकं कंडेन्सरला टेकवली. प्लग काढून बराच वेळ झाला होता, तरी टचकन ठिणगी पडली. मुलाचा चेहरा उतरला. तो डबा त्या वर्षी लागला नाही.

स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून कंडेन्सर शॉर्ट करणारे मी खूप पाहिले आहेत. तसं करू नये. ठिणगीने धातूचे वितळलेले कण डोळ्यांकडे उडतात आणि कंडेन्सरही आतून खराब होतो. रेझिस्टन्समधून किंवा टेस्ट लॅम्पमधून तो सावकाश रिकामा करावा आणि मग मीटर लावून खात्री करावी. आणि मुळात ब्लीडर कायमचा बसवावा. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२५ व्होल्टला भरला असेल, तर १०० किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टन्स त्याला सुमारे २० सेकंदांत ५० व्होल्टच्या खाली आणतो. काही रुपयांची वस्तू आहे.

जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तर आणखी फसवा. आत पेन्सिल सेल, म्हणून पोरांना वाटतं यात काय बसणार आहे? पण आतला इन्व्हर्टर त्याच सेलवरून तीनशेच्या वर व्होल्ट चढवतो. १२० मायक्रोफॅरड ३३० व्होल्टला म्हणजे साडेसहा ज्यूल, आणि सेल काढला तरी ते तिथेच बसून राहतात. एका हातातून शिरून दुसऱ्या हाताने बाहेर पडणारा असा झटका छातीतून जातो.

हे सगळं आता मुलांनी करण्याची गरज उरलेली नाही, आणि ही मला या इतिहासातली सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते. १९७२ मध्ये हान्स कामेन्झिंडने आखलेली ५५५ ही टायमरची आयसी बाजारात आली. १९९० च्या दशकात जपानमध्ये शुजी नाकामुरा आणि इतरांच्या कामातून प्रखर निळा आणि त्यातून पांढरा एलईडी आला. एलईडीला साठवून ओतलेले शेकडो व्होल्ट लागत नाहीत. तो ३ व्होल्टवर लागतो आणि हुकुमासरशी विझतो. टॅल्बटला लायडन जारांची रांग लागली होती, ते काम नऊ व्होल्टच्या बॅटरीवर होतं.

मी शेवटी शेवटी पोरांना हेच बनवायला लावायचो. ५५५ ची ४ आणि ८ नंबरची पिन बॅटरीच्या प्लसला, १ नंबर मायनसला. प्लसपासून ७ नंबरपर्यंत १८ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्याशी सिरीजमध्ये २२ किलोओहमचा पॉट. ७ पासून ६ पर्यंत ४७० ओहम. ६ आणि २ एकत्र, तिथून मायनसला एक मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कंडेन्सर. पांढरा एलईडी ३३० ओहममार्गे प्लस आणि ३ नंबरच्या मधे, म्हणजे आउटपुट खाली गेलं की तो लागतो. तो लागतो सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरताच, म्हणून कडा रेखीव दिसतात. पॉट फिरवला की वेग सेकंदाला सुमारे ३५ ते ७५ लखलखाट. तो १८ किलोओहम आणि हे आकडे मी मुद्दाम निवडले आहेत, कारण फिट आणणारा पट्टा त्यांच्या खाली राहतो. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर घ्या, तिच्यावर बहुधा २४०० आरपीएम छापलेलं असतं. पुठ्ठ्याची चकती लावा, एक रेघ मारा. सेकंदाला ४० लखलखाट झाले की रेघ जागच्या जागी उभी राहते.

छताचा पंखा थांबवून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल तर तो सेकंदाला १५ लखलखाटांना थांबलेला दिसतो, आणि १५ म्हणजे नेमका वाईट पट्टा. म्हणून तो प्रयोग या सर्किटने ४५ वर करावा. नऊ पाती स्थिर दिसतात, तीनने भागून हिशेब तोच येतो. आणि थांबलेलं दिसणारं काहीही थांबलेलं नसतं, हे बघणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला आधी सांगावं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. स्ट्रोब लावायचाच असेल तर तयार एलईडीचा, थ्री-पिनचा, अर्थिंग असलेला लावा. ब्रिटनमधल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेचा सल्ला सेकंदाला चारपेक्षा जास्त लखलखाट नकोत असा आहे, तो पाळा, एका वेळी थोडाच वेळ चालू ठेवा आणि प्रवेशाशी मराठीत मोठी पाटी लावा. उजेडाने कुणाला गरगरलं तर दोन्ही डोळे मिटण्याऐवजी त्याने तळहाताने एक डोळा पूर्ण झाकावा आणि तिथून दूर व्हावं. आणि माळ्यावर पत्र्याच्या डब्यातला जुना स्ट्रोब पडला असेल तर तो पोरांच्या हाती देऊ नका. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून कंडेन्सर रिकामा करून घ्या आणि मगच तो मोडीत काढा.